चढाला ब्रेक कशाला?

बीड जिल्ह्यात गाडी चालवणारे हजारो असतील, पण गाडी थांबवणारा माणूस एकच आहे आणि तो माझा साडू आहे. हे मी नात्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. वडवणीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे आणि त्यात गेली एकतीस वर्षं फक्त ब्रेकचं काम होतं. इंजिन गरम होतंय म्हणून कोणी आलं, तर साडू त्याला बसायला स्टूल, प्यायला पाणी आणि दुसऱ्या गॅरेजचा पत्ता देतात. "इंजिन काय, कोनीबी चालू करतंय. किल्ली फिरवली की झालं. थांबवायला मानूस लागतो," असं त्यांचं म्हणणं. उसाचा हंगाम तोंडावर आला की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर त्यांच्या दारात रांग लावून उभे राहतात. पंधरा-वीस माणसं, त्यांची पोरं, भांडी, शेळ्या असं सगळं घेऊन कारखान्याकडे निघालेल्या माणसाला धारूरचा घाट उतरताना साडूंची आठवण होते, आणि ती घाटाच्या आधी झालेली बरी.

साडूंचा एक नियम आहे. ब्रेकचं काम झालेली गाडी पहिल्यांदा उतारावर तेच नेणार. मालक असो, ड्रायव्हर असो, कितीही मोठा माणूस असो, त्यानं खाली उभं राहायचं. "माज्या कामानं मरायचा पयला मान माजा," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलंय की गिऱ्हाईक आता ते ऐकल्याशिवाय गाडी ताब्यात घेत नाही. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, अंगाला हळद लागलेली असताना, ते एक ट्रक घाट उतरवून आले होते. नवरदेव कुठं गेला म्हणून मांडवात गोंधळ उडाला. परत आल्यावर त्यांच्या आईनं विचारलं, "कावून गेलतास रे?" तर म्हणाले, "उद्यापासून जबाबदारी वाढती. आजच मरून घ्यावं म्हनलं."

दुसऱ्याच्या गाडीत बसण्याआधी ते ड्रायव्हरच्या पायाशी वाकून हातानं ब्रेक दाबून बघतात. न कळणाऱ्याला वाटतं, हा म्हातारा पाया पडतोय. एका ड्रायव्हरनं गडबडीनं त्यांना आशीर्वादही दिला होता. लग्नात नवरदेवाचा घोडा आला की हे पुढे होऊन लगाम ओढून बघतात. जत्रेत पाळण्यात बसायच्या आधी तो थांबतो कसा हे पाळणेवाल्याला विचारतात आणि उत्तर पटेपर्यंत मागची रांग ताटकळत ठेवतात. माणसंही ते याच मापानं मोजतात. ब्रेकचं लायनर, म्हणजे आतलं अस्तर, झिजून संपलं की गाडी थांबत नाही. गावात एका कार्यक्रमाला एक पुढारी बोलायला उभे राहिले आणि एक तास दहा मिनिटं झाली तरी बसेनात. (वेळ मी बघितली होती. मला सवय आहे.) साडू पहिल्या रांगेतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लायनर संपलं." पहिल्यांदा हसले ते पुढाऱ्यांचेच कार्यकर्ते. पंगतीत वाढपी आग्रह करू लागला की ते पानावर आडवा हात धरतात आणि पुन्हा कोणी जिलबी आणलीच तर तिच्याकडे असे बघतात, जणू ती सिग्नल तोडून आलीय.

असा हा माणूस मागच्या श्रावणात आमच्या बीडच्या घरी जेवायला आला होता. सोबत त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. जेवण झालं आणि साडू पाळणेवाल्याची गोष्ट सांगायला लागले. सांगता सांगता मधेच थांबले, एका बाजूला मान वळवली आणि पाटावरून आडवे झाले. हात-पाय झटके द्यायला लागले. घरात एकच आरडाओरडा झाला. माझी बायको कांदा फोडायला धावली. शेजारच्या काकूंनी पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाला लावली. कोणीतरी दातात घालायला चमचा आणला. मी घड्याळ बघितलं.

"मानूस मरायलाय आन तुमी टाइम बघताव?" माझी बायको कांद्यासकट माझ्यावर ओरडली. ते वाक्य आजही घरात महिन्यातून दोनदा निघतं. पण दुसऱ्या दिवशी संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "झटका किती वेळ होता?" काकू म्हणाल्या होत्या अर्धा तास. माझी बायको म्हणाली, "लई वेळ." अक्का नुसती रडायला लागली. मी म्हणालो, "एक मिनिट चाळीस सेकंद." डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं. संसारात माझ्या सवयीचा इतका मान त्याआधी कधी झाला नव्हता.

त्यांनी कांद्याची, चपलेची आणि चमच्याची एकत्रच कानउघाडणी केली. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि वेळ बघायची. पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट दवाखाना. मग तपासण्या झाल्या आणि शेवटी त्यांनी आम्हाला समजावून सांगायला घेतलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना दोन तऱ्हेचे निरोप देत असतात. एक 'चल', दुसरा 'थांब'. 'थांब' म्हणायला मेंदू एक रसायन वापरतो, त्याला गाबा म्हणतात. हे 'थांब' आहे म्हणून माणूस झोपतो, शांत बसतो, हात हवा तेवढाच हलवतो. ते कमी पडलं की पेशींचा एक मोठा घोळका एकदमच 'चल, चल' करत सुटतो आणि फिट येते. एवढं सांगून बाई थांबल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं. पण पेशंटला सोपं जावं म्हणून त्या म्हणाल्या, "गाडीच्या ब्रेकसारखं समजा ना."

समोर कोण बसलंय हे त्यांना माहीत नव्हतं. सकाळपासून गळून बसलेले साडू ताठ झाले.

"ड्रमचा का डिस्कचा?"

"काय?"

"ब्रेक. आन हवेवरचा हाय का ऑइलवरचा?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी साडूंचा व्यवसाय सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "रसायनावरचा. म्हणजे ऑइलच धरा."

"गाडीला चार चाकं, चार ब्रेक. डोस्क्याला किती?"

"अब्जावधी असतील."

साडूंचा चेहरा पडला. "आन तरी फेल झाले?"

पुढची वीस मिनिटं बाहेर सात पेशंट बसलेले असताना त्यांची ती मुलाखत चालली. ब्रेक जास्त लागला तर काय होतं, असं साडूंनी विचारलं. बाई म्हणाल्या, गुंगी येते, फारच जास्त झाला तर माणूस बेशुद्ध पडतो. "जाम," साडू म्हणाले. "चाक जाम." बाई म्हणाल्या, अगदी बरोबर. मग त्यांनी विचारलं, दारू पिणाऱ्याचं काय? बाई म्हणाल्या, दारूही तोच ब्रेक दाबते. "मग पिल्यावर मानूस इतका बोलतो कावून?" तर बाई म्हणाल्या, कारण मेंदूत ब्रेकला आवरणारे ब्रेक असतात आणि तोंडाला आवर घालणारा भागच आधी पेंगायला लागतो.   परत येताना पाचोडजवळ साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ब्रेकला ब्रेक. कोनी बसवला आसंल?"

सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. जागरण नाही. आणि बाई सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. पावसाळ्यात गॅरेजला काम कमी असतं, म्हणून साडूंनी हे शेवटचं निमूट ऐकून घेतलं. बदल्यात त्यांनी सगळी वडवणी तपासायला काढली. ज्याला झोप येत नाही त्याचं ऑइल कमी. ज्याला उगाच धाकधूक होते त्याचा ब्रेक सैल. आमच्याकडे काकूंना फोन करून सांगितलं, "काकू, तुमचा जाम हाय, म्हनून तुमी जिथं बसता तिथंच बसता." एका बाईनं आपलं रडकं बाळ दाखवायला आणलं, तर त्याचं डोकं हातात धरून म्हणाले, "नवी गाडी हाय, रनिंग झाल्यावर सेट व्हईल." बाळ गप्प झालं. तिसऱ्या दिवशी आणखी दोन बाळं आली.

दिवाळी सरली आणि अक्काचा मला फोन आला. "भाऊजी, तुमाला मोजता येतं. येऊन ह्यांच्या गोळ्या मोजा. मला काई ताळा लागंना."

मी गेलो. साठ गोळ्या आणून वीस दिवस झाले होते. शिल्लक वीस पाहिजेत, निघाल्या तेहतीस. मी दोनदा मोजल्या. मग अक्कानं मला गॅरेजच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. तिथं खडूनं तक्ता केला होता. आठवडी बाजार: घाट, दोन. बायको माहेरी: सपाट, नाही. पाऊस: घसरण, एक. कार्यक्रम, भाषण: चढ, नाही. सगळ्यात खाली लिहिलं होतं, साडू येणार: घाट, दोन.

साडू जरा पलीकडे हात पुसत उभे होते. शेजारी चकलांब्याहून आलेला एक ट्रॅक्टरवाला होता. त्याच्या ट्रॅक्टरचं आणि दोन्ही ट्रॉल्यांचं काम नुकतंच झालं होतं. त्याला दुसऱ्या दिवशी ऊसतोड मजुरांची टोळी उचलायची होती.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "तेरा गोळ्या चुकल्यात."

"तेरा न्हाई. सतरा चुकल्या. चार जादा घेतल्या. लिवून ठिवलंय."

मी मनात ताळा केला. बरोबर होता. हिशेबात माझी चूक दुसऱ्यानं काढण्याची ती पहिलीच वेळ.

"पण असं का?"

"घाटात पाय ब्रेकवर ठिवूनच उतरलं तर काय व्हतं, सांगा."

"मला काय माहीत?"

"लायनर जळतं. मग जवा खरंच लागतो तवा लागत न्हाई. म्हनून जरा दाबायचा, जरा सोडायचा. आन चढाला ब्रेक कशाला? रोज सकाळ-संध्याकाळ, रस्ता कसला हाय बघायचं न्हाई, नुसतं दाबून धरायचं? बाई हुशार हायत, पर त्यायनी कदी घाट उतरलाय का?"

खरं सांगतो, क्षणभर मला पटलं. आजवर त्यांच्या हातचा एकही ब्रेक उतारावर दगा देऊन गेलेला नाही. जगातल्या प्रत्येक गाडीच्या बाबतीत ते बरोबर होते.

"आन आता चाललो," ते म्हणाले आणि ट्रॅक्टरवर चढले. "घाट उतरून येतो. हंगाम सुरू झालाय. पयला मान माजा हाय."

गॅरेजच्या मागे जमीन ओढ्याकडे उतरत जाते. ट्रॅक्टर त्या उताराच्या तोंडाशी उभा होता आणि तिथून वळवून रस्त्याला काढायचा होता. साडूंनी तो चालू केला. एवढ्यात अक्का आली. तिनं काखेत एक एक करून दोन धोंडे आणून पुढच्या चाकांपुढे टाकले आणि स्वतः बाजूला उभी राहिली, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात गोळी.

"धोंडे काड."

"गोळी घ्या."

"आज सपाट हाय!"

"घाटात चाललाव आन सपाट?"

ट्रॅक्टरवाला मोठ्यानं हसला. "मामा, घ्या की गोळी. मला टोळी उचलायचीय का तुमाला?"

मीही तक्त्याकडे बोट दाखवून म्हणालो, "तुमच्याच नियमानं आज दोन. शिवाय मी आलोय."

साडूंना ते लागलं. नियमाचा माणूस. ते विचारात पडले. "घाट गाडीला हाय," ते सावकाश म्हणाले, "मला न्ह..."

आणि मान एका बाजूला वळली.

ब्रेकवरचा पाय निसटला. ट्रॅक्टर वीतभर सरकला आणि धोंड्याला टेकून थांबला. ट्रॅक्टरवाल्यानं वर उडी मारून इंजिन बंद केलं. आम्ही तिघांनी त्यांना खाली घेतलं, कुशीवर वळवलं, अक्कानं पदराची घडी करून डोक्याखाली दिली. कांद्याचं नाव कोणी काढलं नाही. ट्रॅक्टरवाला मला म्हणाला, "साहेब, टाइम बघा, टाइम!" दोन मिनिटं दहा सेकंद. अक्का त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली होती आणि सारखं "थांबंल, थांबंल" म्हणत होती. ते त्यांना म्हणत होती की आत जे काही सुटलं होतं त्याला, मला कळलं नाही.

शुद्धीवर आल्यावर बराच वेळ ते, मी कधी आलो, हेच विचारत होते. मग नजर ट्रॅक्टरवर गेली.

"किती सरकली?"

"वीतभर."

"ब्रेक?"

"ब्रेक जाग्यावर होता. पाय नव्हता."

"मग थांबली कशानं?"

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मामीच्या धोंड्यानं."

साडू त्या धोंड्याकडे बघत राहिले. मग त्याच्यापलीकडच्या उताराकडे, आणि खाली ओढ्यात धुणं धुणाऱ्या बायकांकडे. अक्कानं गोळी पुढे केली. त्यांनी घेतली.

संध्याकाळी मी डॉक्टरबाईंना फोन लावून सगळं सांगितलं, लायनर जळण्यासकट. त्या आधी रागावल्या, मग म्हणाल्या, त्यांना फोन द्या. "काका, गाडीचं लायनर वापरलं की झिजतं. डोक्यातलं रसायन शरीर रोज नवं बनवतं. आणि गोळी रक्तात कायम सारखी राहायला हवी. मधेच सोडली की असं होतं."

"रोज नवं?" साडूंनी दोनदा विचारलं. फोन ठेवून ते अक्कावरच उखडले, "हे आदी सांगायचं ना कोनीतरी! रोज नवं लायनर मिळतंय तर मग दाबा की चोवीस तास!" त्यांनी जाऊन तक्ता पुसला. तेव्हापासून एकही गोळी चुकलेली नाही. दर महिन्याला मी मोजतो.

पण नियमाचं काय? आपल्या कामाची पहिली परीक्षा दुसऱ्यानं द्यायची, हे त्यांना सोसेना. तीन दिवस गॅरेज बंद ठेवलं. चकलांब्याचा ट्रॅक्टरवाला रोज येऊन दारात बसायचा आणि म्हणायचा, "मामा, टोळी थांबलीय की, आता टोळीला बी तुमीच ब्रेक लावला का?" चौथ्या दिवशी साडू उठले, मागच्या उतारावर चालत गेले आणि ओढ्याच्या अलीकडे, बरोबर मधोमध, उभे राहिले. वरून त्याला ओरडले, "आण खाली. माज्यापाशी थांब."

"आन न्हाई थांबला तर?"

"तर पयला मान माजाच हाय की!"

ट्रॅक्टरवाला इतक्या हळू उतरला की मुंगीनं ओव्हरटेक करावं. तेव्हापासून प्रत्येक ट्रॅक्टर असाच उतरतो. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी विचारलं, "गाडी चालवत नाही ना, काका?" साडू अभिमानानं म्हणाले, "न्हाई. समोर हुबा राहतो." बाईंनी पेन खाली ठेवलं. मग ते उचलून त्यांनी काय लिहिलं हे मला दिसलं नाही, पण गोळीचं प्रमाण थोडं वाढवलं. शेवटी अक्कानं त्यांच्याशी तह केला, की उभं राहायचं तर बांधावर, चाकाच्या वाटेत नाही. दोन धोंडे अजून तिथंच आहेत. साडू कोणाला त्यांना हात लावू देत नाहीत.

वाढलेल्या गोळीनंतर पुन्हा फिट आलेली नाही. झोप बरी लागते. फक्त बोलणं संथ झालंय. पूर्वी गोष्ट सांगताना ते एका दमात सुटायचे. आता मधेच एखादा शब्द सापडत नाही आणि ते हात वर धरून उभे राहतात. बाई म्हणाल्या, असं काहींना होतं, पुढे बघू. पहिल्यांदा आम्ही घाईनं शब्द पुरवायचो. अक्कानं एकदा दटावलं, "थांबा की जरा, येतोय त्यो." आता आम्ही थांबतो. पुढाऱ्यांच्या भाषणात लायनर संपलं, तरी पहिल्या रांगेतून काही ऐकू येत नाही, कारण वाक्य जुळेपर्यंत भाषण संपलेलं असतं. मला ते वाक्य ऐकायला आवडायचं.

परवा आम्ही दोघं वडवणीला गेलो होतो. जेवणं झाली. साडू खुशीत होते. अक्काला बघायला गेले होते ती गोष्ट त्यांनी काढली. पाव्हण्यांच्या गाडीचा ब्रेक दाबून बघितला, पोहे खाल्ले, मग मुलगी बाहेर आली. "तिनं साडी नेसली व्हती," ते म्हणाले आणि थांबले. हात वर. आम्ही थांबलो. बाहेर एक ट्रक गेला. अक्का हातातलं ताट तसंच धरून उभी होती.

"हिरवी," साडू म्हणाले.

"हिरवीच व्हती," अक्का म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

साडूंचा चेहरा असा फुलला, की मी पुढं काय झालं ते विचारलंच नाही.  बीडला परत येताना माझी बायको म्हणाली, "ती साडी आमच्या आईची होती. जांभळी."